होडीवरची ताडपत्री

मासळीच्या वासाची ताडपत्री आज शाळेच्या दारात आली आणि मागचं वादळ आठवलं. तेव्हा वर्गाचे पत्रे उडाले होते. सरकारी मदतीसाठी आधी पंचनामा लागतो, पण पंचनाम्याचे साहेब काही येईनात. शेवटी रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आमच्या उत्तन गावच्या बायकांनी वर्गातला चिखल उपसला, फरशी घासली आणि एका मावशींनी होडीवरची ताडपत्री आणून छपरावर बांधली. त्यानंतर साहेब उगवले. "मॅडम, वर्ग तर मस्त चाललाय. नुकसान काय दाखवू?" मावशी भडकल्या, "मंग पोरांना काय चिखलात बसवाचा व्हता?" मदत आलीच नाही. मी त्याच ताडपत्रीखाली शिकवत राहिले. परवाच्या वादळात तीही गेली. आज मावशी दुसरी घेऊन आल्यात, हातात झाडूही आहे. मीच त्यांना दारात अडवलं. "आत नका जाऊ, मावशी. आधी साहेबांना चिखल बघू द्या."