वशाच्या दोऱ्याला गळच नव्हता

वशा लबाड होता.

काल गेला, म्हणून आज त्याला देवमाणूस म्हणणार नाही.

सकाळपासून फोनवर हात जोडलेले फोटो येताहेत. कुणीतरी लिहिलंय, "हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून ही पोस्ट.

त्या हसऱ्या तोंडानंच तर त्यानं आम्हाला आयुष्यभर फसवलं.

सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. मी साताऱ्याहून फिटर म्हणून आलो होतो. वशा चिंचणीचा, स्टोअरमध्ये कामाला. तिसरा शिरगावचा काशिनाथ, क्रेनवर. आवाजही क्रेनसारखाच.

रविवारी तिघं सायकली काढून पालघरच्या बाजूच्या एका तळ्यावर गळ टाकायला जायचो. मुरबे गावचे कोळी आम्हाला हसायचे.

"समुद्र दारात हाय नि हे येडे डबक्यावर जातात!"

डबकं म्हणा नाहीतर काही म्हणा, त्यात मरळ होती.

आमचे नियम दोनच. दुसऱ्याच्या दोऱ्याला हात लावायचा नाही. आणि ज्याला दिवसभरात काहीच लागलं नाही, त्याच्या घरी सगळ्यांची मासळी शिजवायची, तिथंच सगळ्यांनी जेवायचं. रिकाम्या हातानं घरी जाऊन कुणाला बायकोची बोलणी खायला लागू नयेत, एवढाच हेतू.

एका वर्षी पावसाळा सरला आणि वशाला काही म्हणजे काही लागेना. रविवारमागून रविवार. मी मरळ काढतोय, काशिनाथ काढतोय, आणि हा आपला आभाळाकडे बघत बसलाय.

"नशीबच नाय रे माझं," म्हणायचा. आणि हसायचा.

मग काय, चूल दर वेळी वशाकडं. सुमनवहिनी कालवण झकास करायच्या, त्यामुळे आमची तक्रार नव्हती.

एका रविवारी वारा सुटला आणि माझा दोरा वशाच्या दोऱ्यात गुंतला. सोडवायला दोन्ही ओढून काठावर घेतले.

वशाच्या दोऱ्याला गळच नव्हता.

नुसता शिशाचा तुकडा बांधलेला.

काशिनाथ असा भडकला की पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करून बघायला लागली. "लाज वाटत नाय? फुकटची मासळी पायजे होय रे तुला? आमी येडे हाव काय?"

मीही चिडलो होतोच. वशा ते शिसं बोटांत फिरवत राहिला. एवढंच म्हणाला, "घरी चला ना. भांडायचं तर तिथं भांडा."

काशिनाथनं आपली मरळ हँडलला अडकवली आणि शिरगावची वाट धरली. मी वशाच्या मागोमाग गेलो. मला जाब विचारायचाच होता.

घरी वहिनींनी मसाला वाटून ठेवलेला. चार ताटं पुसून मांडलेली. माझं डोकं आणखीनच तापलं. म्हणजे यांचं आधीच ठरलेलं!

"काशिनाथभाऊजी नाय आले?"

म्हटलं, भांडण झालं.

वहिनींचा चेहरा उतरला. वशा मासे साफ करायला मागे गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काय आसंल ते मिटवा हो, भाऊजी. बाळ गेल्यापासून घर खायला उठतं. रविवारी तुमी येता, आरडाओरडा करता, तेवढंच बरं वाटतं."

बाळ?

त्या पावसाळ्यात आम्हाला सांगितलं होतं, वहिनी माहेरी गेल्यात. त्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि मोकळ्या ओटीनं परत आल्या होत्या. हा माणूस रोज आमच्या शेजारी बसून डबा खात होता, आणि एक शब्द बोलला नव्हता.

मी मागच्या दारी जाऊन त्याचा खांदा धरून हलवला. "अरे, सांगायचं ना! एकदा म्हणायचं, या घरी. आलो नसतो का?"

तो खवलं काढतच राहिला. "आले असते. पन दया करून आलेलं मानूस हळू बोलतं रे. मला भांडनारे पायजे होते."

त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्ही राहून गेलं.

काशिनाथला दुसऱ्या दिवशी साइटवर सांगितलं. पुढच्या रविवारी तळ्यावर आल्या आल्या त्यानं वशाच्या हातातला दोरा हिसकावला, आपल्या डबीतला गळ त्याला बांधला, वर गांडूळही लावलं.

"मासे लागोत नाय तर न लागोत, चूल तुझ्याकडंच," तो ओरडला. "पन बस नीट!"

गोष्ट इथं संपली असती तर मी आज चिडलो नसतो.

पण वशा सुधारला नाही. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. तेव्हापासून याचे फोन. "तळ्यावर जायाचं का रे?" तळं बुजवून त्यावर इमारती उभ्या राहिल्यात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "एकटा कंटाळतोस का?" विचारलं की, "छे! मी मजेत हाय." आणि ते हसणं.

आजारी होता म्हणे. डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. आम्हाला कळलं ते शेजाऱ्यांकडून, तो गेल्यावर.

संताप येतो, वशा. एवढा म्हातारा झालास तरी पुन्हा तेच? पुन्हा गळ न बांधताच बसलास, आणि आम्ही ओळखावं म्हणून वाट बघत राहिलास. आता आम्हाला नीट दिसत नाही रे, गधड्या.

काशिनाथ, हे तुला तुझी नात वाचून दाखवेल. ऐक. येत्या रविवारी माझ्याकडे बोईसरला जेवायला ये. मासळी बाजारातली असेल, चालवून घे. मला एकट्याला करमत नाही. दया करून येऊ नकोस, भांडायला ये.

बघितलंस, वशा? असं बोलवायचं असतं.

श्रद्धांजली वाहतोय, पण रागातच. तुझं ताट मांडून ठेवतो.