खोली कालच गेली

समुपदेशन केंद्रात माणूस चार वर्षं बसला की किस्से साठतातच. माझे कितपत खरे, याची मलाच शंका आहे. मानसशास्त्रात डॉक्टरेट असली तरी चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही. तेव्हा जरा सांभाळून ऐका!

*

शाहूपुरीतल्या आमच्या केंद्राच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता : जात. मी भीत भीत संचालकांना विचारलं, "हे कशाला?"

"सर, सगळ्यांना समान वागवायचं तर आधी कोण काय आहे ते कळायला नको?"

*

मग सामाजिक न्यायावर कार्यशाळा झाली. केंद्र झाडणाऱ्या कमलमावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तळातल्या माणसाचा आवाज ऐका." आणि मावशींकडे वळून, "अहो, ते दार लावून घ्या. बाहेरून!"

*

केंद्रात आलेली रेणुका नर्स होती. कसबा बावड्यात नोकरी लागली, पण खोली मिळेना. फोनवर खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की, "खोली कालच गेली!" महिनाअखेर काही जमलं नाही तर नोकरी सोडून गावी जावं लागणार होतं. झोप उडालेली. मी तिला दीर्घ श्वसन शिकवलं.

फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "सर, श्वास तिला घ्याला येतोय की! खोली मिळंना झालीया."

*

मावशींनी मला ओढतच रेणुकाला नकार देणाऱ्या एका घरमालकाकडे नेलं.

"पावणं, आमचं काय न्हाय," ते म्हणाले, "पण शेजारी बोलत्यात."

शेजाऱ्याला गाठलं. "आमचं बी काय न्हाय, पण मालक लई कडक!"

मी दोघांना समतेवर वीस मिनिटं ऐकवलं. मालकांनी चहा पाजला आणि विचारलं, "सर, तुमचं घर केवढं?"

"खाली आम्ही दोघंच. वर एक खोली आहे, रिकामीच असते."

"मग झालं की!"

"बायकोला विचारून सांगतो," मी म्हणालो.

*

मावशींनी त्या आठवड्यात तीनदा विचारलं, "वैनी काय म्हनल्या?"

"नको म्हणते हो."

महिना संपला. रेणुका नोकरी सोडून गावी गेली. संचालकांनी फाईलवर शेरा मारला : 'प्रकरण बंद. झोपेत सुधारणा.'

याला सहा वर्षं झाली. परवा न राहवून बायकोला म्हणालो, "तेव्हा तू त्या नर्सला खोली द्यायला नको म्हणालीस, ते मला अजून लागतं."

"कुठली नर्स?" तिने विचारलं.