पट्टेवाल्या बाईंची दोनशे बारा माणसं

आमच्या रुग्णालयात त्यांना सगळे पट्टेवाल्या बाई म्हणायचे. रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा सदानकदा खांद्यावर, म्हणून हे नाव पडलं. नवा लागलेला एक शिपाई पहिल्याच दिवशी मला हळूच विचारत होता, "बाईसुद्धा पट्टेवाल्या? मग त्यांची ड्यूटी कुठल्या दारावर?" बाईंच्या कानावर ते गेलं. म्हणाल्या, "पाच इमारतींच्या सगळ्या दारांवर. बदली हवी असेल तर त्याला म्हणावं, आजच देते."

बाई चांगल्या शिकलेल्या डॉक्टर होत्या, मूत्रपिंडाच्या. पण स्वतःचा दवाखाना काढला नाही. वॉर्डात सात वर्षं काम केल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. येणारा प्रत्येक जण दोन्ही मूत्रपिंडं पार निकामी झाल्यावरच येतो. तोवर त्याला कुठे दुखत नाही, खुपत नाही. वाढलेला रक्तदाब आतल्या आत मूत्रपिंडाची चाळण करत असतो, आणि खराब झालेलं मूत्रपिंड रक्तदाब आणखी चढवतं. "हे दोघं एकमेकांना चिथावतात," बाई म्हणायच्या, "आणि घरमालकाला पत्ताच नसतो."

म्हणून त्यांनी अभ्यास हाती घेतला. बस डेपोच्या कामगार वसाहतीतली सहाशे चाळीस माणसं, चार वर्षं. दर सहा महिन्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजायचा आणि लघवीचा नमुना आणायचा. वरचा आकडा एकशे चाळीस किंवा त्याहून जास्त आला की गोळ्या आणि मिठाचं पथ्य सुरू. त्याखाली असला की कार्डावर 'ठीक' लिहायचं आणि पुढच्या फेरीला भेटायचं. लवकर औषध दिलं तर मूत्रपिंड वाचतं का, एवढाच प्रश्न. दुसरी आणि तिसरी इमारत बाईंकडे, म्हणजे दोनशे बारा माणसं; उरलेल्या तीन इमारती एका सिस्टरकडे. आणि लघवी माझ्याकडे. मी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. पूर्वी जिथे चादरी ठेवायचे त्या खोलीत एक बेसिन, एक टेबल, एक फ्रीझर आणि मी. घरी कोणी विचारलं की आज काय केलंस, तर जेवणाआधी सांगता यायचं नाही.

डेपोतले ड्रायव्हर बाईंना वचकून असायचे. प्रेशर जास्त निघालं की डेपोचा डॉक्टर गाडीवरून उतरवतो आणि गोदामात बसवतो, ही त्यांची धास्ती. बाईंनी प्रत्येकाला शब्द दिला होता की आकडा डेपोत जाणार नाही. तरी लोकांच्या युक्त्या चालूच. एक जण बाई यायच्या आधी तासभर आडवा पडून राहायचा, दुसरा मोजताना डोळे मिटून श्वासच रोखून धरायचा. बाई म्हणायच्या, "श्वास सोडा, नाहीतर मला दुसरंच सर्टिफिकेट लिहावं लागेल."

तिसऱ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लांब पल्ल्याचा ड्रायव्हर राहायचा. सेहेचाळीस वर्षांचा, अंगापिंडाने दणकट. घरात बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तिसऱ्या फेरीला त्याचा आकडा आला एकशे अडतीस.

"म्हणजे पास का ताई?" त्याने विचारलं.

"पास."

"ग्रेस मार्क देऊन, की असाच?"

"असाच. पण काठावर. मीठ कमी करा."

हे मला बाईंनीच सांगितलं, पुढे कधीतरी. चौथ्या फेरीलाही तो पास झाला. तेव्हा त्याने बाईंना चहा पाजला आणि बायकोला म्हणाला, "बघ, डॉक्टरबाई स्वतः लिहून देतात. तू उगाच माझ्या पायांकडे बघत बसतेस."

त्याच सुमारास माझ्याकडे काम तुंबलं होतं. लघवीतलं प्रथिन तपासायच्या पट्ट्या आठ-नऊ महिने आल्याच नाहीत. नमुने फ्रीझरमध्ये पडून. मी दर आठवड्याला भांडारात विचारायचो, तिथला कारकून दर आठवड्याला 'सोमवारी' म्हणायचा. खरं तर मीच आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. एकदा पट्ट्या आल्यावर मी दोन फेऱ्यांचे नमुने सलग लावले. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. पट्टीचा रंग हिरवा होत गेला की प्रथिन गळतंय, म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी फाटायला लागली. काही पट्ट्या इतक्या गर्द हिरव्या झाल्या की मी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिल्या. क्रमांक जुळवले, तर त्यातल्या बऱ्याच जणांचं प्रेशर 'ठीक'.

मी वही घेऊन बाईंकडे गेलो. आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे सर म्हणत, तेही तिथेच होते. सर खुर्चीतून उठलेच. "प्रेशर ठीक आणि मूत्रपिंड जातंय! बाई, हे कोणी लिहिलेलं नाही. आपलं नाव होणार."

वहीतल्या क्रमांकांवरून बाईंचं बोट खाली सरकत होतं. मग म्हणाल्या, "हे सगळे माझ्या दोन इमारतींतले आहेत. सिस्टरच्या तीन इमारतींत एकही नाही. मूत्रपिंड इमारत बघून खराब होत नाही, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या भिंतीवरच्या पाऱ्याच्या नळीपाशी आम्ही दोघं उभे राहिलो. बाईंचं तबकडीचं यंत्र आणि पारा एकाच रबरी नळीला जोडले. बाई फुगा दाबत होत्या, मी दोन्हीकडचे आकडे वाचत होतो. पारा शंभरवर, काटा सत्त्याण्णववर. पारा एकशे चाळीसवर, काटा एकशे बावीसवर. पारा एकशे सत्तरला पोचला तेव्हा काटा एकशे चाळीसला जेमतेम टेकला. बाईंनी हवा सोडली. काटा शून्यावर येऊन शहाण्यासारखा उभा राहिला.

"शून्यावर बरोबर येतो," बाई म्हणाल्या. "म्हणून मी फसले."

सव्वा वर्षापूर्वी, दुसरी फेरी संपत आली असताना, तिसऱ्या इमारतीच्या जिन्यात यंत्र त्यांच्या हातून निसटून सात-आठ पायऱ्या घरंगळत गेलं होतं. त्यांनी उचललं, काटा शून्यावर आहे हे पाहिलं आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. दर सहा महिन्यांनी यंत्र पाऱ्याशी ताडून पाहायचं आणि नोंदवहीत सही करायची असा नियम होता, बाईंनीच केलेला. त्यानंतर दोनदा ती वेळ आली. पहिल्यांदा पाऱ्याच्या नळीखाली एक अत्यवस्थ रुग्ण होता, म्हणून उद्या बघू म्हणत त्यांनी सही करून टाकली. तो उद्या उगवलाच नाही. दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं. पेन हातात होता, सही झाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं. ते वाईट मनुष्य नव्हते. "ह्या दोन फेऱ्या गाळून टाकू. 'उपकरण बदलले' अशी एक ओळ लिहू. नवीन यंत्राने पुढची फेरी होईल तेव्हा लोकांचं खरं प्रेशर कळेलच."

"पुढची फेरी तीन महिन्यांनी आहे."

"बाई, तुम्ही दारोदार जाऊन चुकलो म्हणून सांगितलंत, तर उद्या वसाहतीत कोणी दार उघडणार नाही. चार वर्षांच्या योजनेवर पाणी पडेल. ह्या अभ्यासाने पुढे हजारो लोक वाचतील, त्याचा विचार करा."

"त्या हजारांपैकी एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "ह्या दोनशे बारा जणांचा आहे."

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं. त्यांच्या आईला ऐकायला कमी यायचं म्हणून ती मोठ्याने बोलायची, त्यामुळे मी चपला घालेपर्यंत सगळं कानावर पडलं. "मशीन बिघडलं, त्यात तुझा काय दोष? जेवून घे."

"सही माझी आहे, आई."

"काय?"

"सही! सही माझी आहे!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही दोघंच निघालो. सिस्टरला सरांनी मनाई केली होती. मला नाही, कारण मी मोजण्यातच नव्हतो. बाई नवीन यंत्राने दोनदा मोजायच्या, मी बाटल्या गोळा करायचो. प्रत्येक दारात बाई तेच बोलायच्या: "माझं यंत्र बिघडलेलं होतं. मी तपासलं नाही. तुम्हाला ठीक सांगितलं ते खोटं असू शकतं." शब्द कधी मऊ केले नाहीत. कोणी पाणी दिलं, कोणी शिव्या. एका म्हाताऱ्या वाहकाने विचारलं, "आता हे नवीन यंत्र बरोबर, हे कशावरून?" बाई म्हणाल्या, "सकाळी पाऱ्याशी ताडलंय. उद्या सकाळी या, तुमच्यासमोर ताडते." तो खरंच आला. चष्मा लावून उभा राहिला आणि मान डोलावून गेला.

हिरव्या पट्टीवाल्यांची दारं आम्ही आधी घेतली होती, पण तो ड्रायव्हर गाडी घेऊन बाहेरगावी होता; तो घरी भेटला तो पाचवा दिवस. दार बायकोने उघडलं. तो आत पलंगावर बसला होता, पाय खाली सोडून. पायांवर सूज होती, चेहराही फुगलेला. बाईंनी पट्टा बांधला. एकशे चौऱ्याऐंशी. त्यांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी.

"नापास?" त्याने विचारलं.

बाईंनी सांगितलं, तेच, त्याच शब्दांत. त्याची बायको आत गेली आणि कार्ड घेऊन आली. "दोन महिन्यांपूर्वी ह्यांच्या पायांवरची सूज वाढली, तेव्हा मीच ह्यांना डेपोच्या दवाखान्यात पाठवलं. ह्यांनी तिथे हे दाखवलं. तुमच्या हातचं 'ठीक'. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लिहिलंय, मग उष्णतेने सुजले असतील. पट्टासुद्धा बांधला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी सांगत होते पायांकडे बघा. ह्यांनी माझं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं."

"वहिनी, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात…"

"येतो आम्ही. तुम्ही आधी जा."

त्याच आठवड्यात त्याचं डायलिसिस सुरू झालं. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली निघाली. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, आजार जुना असणार, नऊ महिन्यांपूर्वी, तिसऱ्या फेरीलाच कळलं असतं तर काही वर्षं मिळाली असती, कदाचित चार, कदाचित दहा, सांगता येत नाही. बाईंना ठाम उत्तर हवं होतं, दोषी ठरवणारंही चाललं असतं. ते कोणाकडेच नव्हतं.

आठवड्यातून दोनदा तो मशीनला लागायचा. बाई दर वेळी जाऊन उभ्या राहायच्या. बायको असली की तोंड फिरवायची. तो मात्र बोलायचा, बहुतेक रस्त्यांबद्दल. कुठल्या घाटात कुठलं वळण फसवं, कुठल्या ढाब्यावर ड्रायव्हरला फुकट जेवण. एकदा म्हणाला, "ताई, माझ्या गाडीचा ब्रेक मी रोज सकाळी दाबून बघायचो. बावीस वर्षं. एक दिवस चुकवला नाही." त्याला टोमणा मारायचा होता की नुसतं सांगायचं होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही. एक वर्ष सात महिन्यांनी तो गेला. मुलीने निरोप पाठवला, पण सोबत एक ओळ होती: आई म्हणते, तुम्ही येऊ नका. बाई गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीत बसून सगळ्या बाटल्या धुतल्या. मी नको म्हटलं तरी.

दोनशे बारांपैकी एक्केचाळीस जणांचं प्रेशर खरोखर जास्त निघालं. बहुतेकांना वेळेवर गोळ्या मिळाल्या. चौघांची मूत्रपिंडं थोडी दुखावली होती, ते नुकसान तिथेच थांबलं. डेपोने तक्रार केली, चौकशी झाली, बाईंना अभ्यासातून काढलं. सरांनी उरलेल्या तीन इमारतींवर तो पूर्ण केला, चांगला केला. निष्कर्ष छापून आला तेव्हा बाईंचं नाव शेवटी आभारात होतं. बाईंनी स्वतः दीड पानाचं एक टिपण लिहिलं: यंत्र कसं बिघडलं, कोणी तपासलं नाही, कोणाला काय झालं. तीन ठिकाणांहून परत आलं, चौथ्या ठिकाणी छापलं गेलं. किती जणांनी वाचलं कोण जाणे.

मग निवृत्त होईपर्यंत त्या नर्सिंगच्या मुलींना रक्तदाब मोजायला शिकवायच्या. पहिला आठवडाभर मुलींना माणसाला हात लावू द्यायच्या नाहीत, नुसतं पाऱ्याशी ताडायला लावायच्या. मुली वैतागायच्या.

पण एक काम राहिलं आहे. आम्ही दारोदार फिरलो तेव्हा आठ जणांची दारं बंद होती. बदल्या झालेल्या, गाव सोडून गेलेली माणसं. डेपोने पत्ते द्यायला नकार दिला. बाई अजून त्यांना शोधतात. शेजाऱ्यांना विचारतात, नातेवाइकांना पत्रं लिहितात, मजकूर तोच, ते दारातलं बोलणं. इतक्या वर्षांत पाच सापडले. तिघांचं ठीक होतं. एक आधीच वारलेला, कशाने ते घरच्यांना सांगता आलं नाही. एकाने उत्तरात लिहिलं की मी गोळ्या घेतो, तुम्ही आता काळजी सोडा.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर परत आलेलं पाकीट पडलं होतं, वर शिक्का 'पत्ता सोडून गेले'. बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "ह्याचा एक मेहुणा वर्कशॉपमध्ये होता, नाही का रे? तुला आठवतो का तो?"

मला आठवत नव्हता. मी म्हटलं, विचारून बघतो.