साखर पांघरलेल्या प्रथिनांचे घोळके

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती: चाळीस सेकंदांची एक चित्रफीत. पेशीच्या पातळ आवरणात साखरेचे तुरे लावलेली प्रथिनं असतात आणि ती त्या आवरणात तरंगत फिरतात. माझ्या चित्रफितीत ती फिरता फिरता एकत्र येऊन घोळके करत होती. काळ्यावर हिरवे ठिपके, बघत राहावं असे. हे घोळके का होतात यावर मी चार प्रकरणं लिहून मोकळी झाले होते. विद्यापीठातलं अखेरचं सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. ते पार पडलं की प्रबंध जमा.

रविवारी दुपारी मुकुंदवाडीच्या घरी मी आईसमोर तालीम केली. आई शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. शास्त्राशी तिचा संबंध भज्यात सोडा घालण्यापुरता, अशी माझी तेव्हाची समजूत.

"हे हिरवं काय गं?"

"रंग. प्रथिनं एरवी दिसत नाहीत. हा रंग त्यांच्यावरची साखर धरतो. त्याच्या एकेका कणाला चार हात असतात, म्हणून पक्का धरतो."

"रंग टाकायच्या आधी बी ती अशीच गोळा झालेली असत्यात का?"

"आधी दिसतच नाहीत, सांगितलं ना."

"मंग तुला कसं माहीत?"

मी कपाळाला हात लावला. आईनं भिंतीवरचा फोटो दाखवला. विहारासमोर पांढऱ्या साड्यांतल्या वीस-बावीस बायका, खांद्याला खांदा लावून.

"ह्यातल्या निम्म्या एकमेकीशी बोलत नाय. फोटोवाला 'जवळ सरका, जवळ सरका' म्हणून वरडला, म्हणून चिकटल्यात. तुझ्या रंगाला तर चार हात. त्यानंच वढून आणलं असंल तर?"

"आई, तू चहा टाक," मी म्हणाले. ते आठवलं की आजही लाज वाटते.

सोमवारी, केवळ तिला खोटं पाडायला, मी पेशी आधी औषधानं जागच्या जागी थिजवल्या, म्हणजे प्रथिनांना सरकताच येऊ नये, आणि मग रंग घातला. एकही घोळका नाही. परातीत मोहरी सांडावी तसे ठिपके विखुरलेले. तीनदा केलं, तीनदा तेच. घोळके माझ्या रंगानंच जमवले होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि सादरीकरण वर्षभर पुढं ढकललं.

"ही शंका कुणाला आली?" त्यांनी विचारलं.

"मलाच," मी बिनदिक्कत म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरला. "माझं कशाला ऐकलंस गं? मला काय कळतंय! सरांना सांग, आई अडाणी हाय, उगं बोलली. तुझं वरीस नको जायला."

मला रडू आलं, वर्षासाठी नव्हे. मी तिथंच उभ्या उभ्या सरांना फोन लावला आणि शंका माझी नव्हती, आईची होती, हे सांगून टाकलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यापुढं प्रयोग ठरवताना आधी त्यांना विचारत जा."

आई माझ्या दंडाला धरून कुजबुजत होती, "लई चिडले का गं?"