नवव्या दिवसाचे प्रतिज्ञापत्र

वडगावला तहसील कचेरीच्या बाहेर अर्ज-प्रतिज्ञापत्रे लिहून देण्याचे माझे टेबल गेली बावीस वर्षे आहे. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु माझ्या मसुद्यात आजवर कोणा अधिकाऱ्याने खोट काढलेली नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. ती खोट टाकवे बुद्रुकच्या एका बाईने काढली, आणि त्याचा संताप अद्याप उतरलेला नाही. संताप तिच्यावर नाही.

मळवलीकडे एका बंगल्याची राखण करणारा गृहस्थ ऑगस्टच्या सुरुवातीस माझ्याकडे आला. बायको भाताच्या आवणी-लावणीसाठी माहेरी टाकव्याला गेलेली असताना, बंगल्यावर उतरलेल्या एका अनोळखी स्त्रीशी त्याचा एक दिवस संबंध आला होता, तोही कसलीच काळजी न घेता. मग भीतीने गारठून त्याने स्वतःच बायकोला फोनवर सारे सांगितले. तिने एवढेच कळवले की, अंगात आजार नाही हे सिद्ध झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.

त्याने तपासणी करून आणली होती. एका खासगी लॅबचा रंगीत कागद, सही-शिक्का, आणि एचआयव्हीच्या पुढे 'नॉन-रिअॅक्टिव्ह', म्हणजे आजार आढळला नाही, हे शब्द.

"भाऊ, सासरा म्हनतो असले कागद कुनीबी छापतं. स्टॅम्पवर लिवून द्या."

मी लिहून दिले. घटनेची तारीख आल्याशिवाय आमच्या धंद्यात मजकूर उभा राहत नाही, सबब घटनेची तारीख घातली. तपासणीची तारीख घातली. आणि खाली 'मी संपूर्णतः निरोगी असून मजपासून माझ्या पत्नीस कोणताही धोका नाही' असे वाक्य रचले. नोटरीचा शिक्का झाला. वाक्य मला स्वतःला आवडले होते.

चौथ्या दिवशी त्याची बायको टेबलासमोर उभी. हातात तेच प्रतिज्ञापत्र.

"ह्यो कागद तुमी लिवलाय व्हय, भाऊ?"

"मीच. काही शंका?"

"ह्या दोन तारखांत किती दिस हायेत, मोजा की."

मी मोजले. नऊ.

"आमच्या गावची आशाताई म्हनली, आजार आला तरी रक्तात लगीच दिसत न्हाई. नऊ दिसांत काय कळतंय? जमिनीच्या फेरफाराची नोंद हरकतीची मुदत सरल्याबगर मंजूर करतात का तुमच्यात?"

"नाही."

"मग माझ्या जिवाची मुदत नऊ दिसांत कशी सरली?"

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक हसला. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. अपुऱ्या मुदतीच्या कागदावर मी शिक्का मारवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला घेऊन मी लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिला.

"काका, रिपोर्ट बरोबर आहे."

"तपासणी लवकर झाली, हे त्यावर कोठे लिहिले आहे?"

"आम्ही रक्त तपासतो. कधी काय झालं, ते पेशंटला कसं विचारणार?"

"मी सांगितलं हुतं," गृहस्थ पुटपुटला. "दुसऱ्याच दिशी आलतो. तुमीच म्हनला, आज काय दिसनार न्हाई, आठवड्यानं या."

मुलगी संगणकात पाहू लागली. म्हणजे आज काही दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक होते! मग आठवड्याने तरी काय दिसणार होते?

पूर्ण अनर्थ कळला तो लॅबमधून आम्ही दोघे सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात गेलो तेव्हा. तिथल्या बाईंनी त्याच्या संमतीने मलाही आत घेऊन दार लावून घेतले, नाव मोठ्याने पुकारले नाही, आणि त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. रोज बंगल्यातल्या वजनकाट्यावर उभे राहणे, आरशात जीभ पाहणे, मानेवरच्या घामोळ्याने झोप उडणे, सारे त्याने सांगितले. बाई म्हणाल्या, वजन, जीभ, घामोळे यांवरून काहीच ठरत नाही. रक्तावरूनच ठरते, तेही योग्य वेळी. नऊ दिवसांचा कागद खोटा नाही, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. घटनेपासून सहा आठवड्यांनी तपासले तर बरेच समजेल. शेवटचा निर्वाळा तीन महिन्यांनी. गरमी म्हणजे सिफिलिससारख्या इतर गुप्तरोगांसाठीही तेव्हा पुन्हा तपासू. रक्त रिअॅक्टिव्ह आले तरी एका चाचणीवर कोणाला रोगी ठरवत नाही, वेगळ्या चाचण्यांनी खात्री करतो. तोवर पत्नीजवळ जायचे तर निरोध वापरल्याशिवाय नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "पहिल्या बहात्तर तासांत आला असतात, तर संसर्ग टाळायच्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या."

तो माणूस दुसऱ्याच दिवशी वणवणत होता! त्याच्या हातात बहात्तरांपैकी निम्म्याहून अधिक तास शिल्लक होते. 'सरकारी दवाखान्यात जा', एवढे तीन शब्द त्याला कोणी दिले नाहीत. लॅबने दिले ते आठवड्यानंतरच्या तपासणी-पॅकेजचे पत्रक. मी त्याच दुपारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे तीन पानी तक्रार लिहिली: अहवालावर 'ही तपासणी अमुक मुदतीनंतर पुन्हा करावी' असे मराठीत छापणे सक्तीचे करावे. पोच मिळाली. उत्तर नाही. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात माझा स्वतःचा दोषही मी लिहिला, कारण तो वगळला असता तर ती लिहिण्याचा मला अधिकार उरला नसता.

सहा आठवड्यांचा निकाल चांगला आला. तरी गृहस्थ धास्तीने खंगत चालला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू का, दुसऱ्या लॅबमध्ये दाखवू का, म्हणून विचारायला येई. मी त्याला दरवेळी केंद्रातल्या बाईंकडे धाडीत असे.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी केंद्राच्या बाकावर आम्हा दोघांशेजारी त्याची बायकोही येऊन बसली होती. कोणी बोलावले नव्हते. निकाल आला: सर्व चाचण्या निरंक. गृहस्थ रडू लागला. तिने कागद घेतला, तारखा बोटांवर मोजल्या, आतल्या बाईंना एकदा विचारून खात्री केली.

"भाऊ, आता स्टॅम्पवर लिवून देता का?" त्याने मला विचारले.

"काही लिहिणार नाही," मी म्हणालो.

"नगंच लिवू," ती नवऱ्याला म्हणाली. "आजाराचं मिटलं, ते ह्या कागदात हाय. तुमी माझ्याशी जे वागला, त्याचं अजून मिटलं न्हाई. ते घरी चलून बोलू."

आणि ती त्याच्या पुढे चार पावलांचे अंतर ठेवून मळवलीच्या वाटेला लागली.