मातीमास्तरच्या लाडक्या बाटल्या

प्रयोगशाळेत बावीस वर्षं माती तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे मातीमास्तर म्हणत. ते त्याला आवडायचं. स्वतःविषयी त्याचंही मत फार वेगळं नव्हतं.

थोरल्या बहिणीच्या तळ्यात दरवर्षी शेवाळ माजायचं, मासे मरायचे. शेतातल्या खताचा फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात उतरायचा, दुसरं काय! मास्तरने छाती ठोकून सांगितलं, "ताई, तळ्याकडच्या निम्म्या शेतात जिप्सम टाक. फॉस्फरस मातीतच धरून ठेवतं ते. उरलेलं तसंच ठेव, तुलनेला." ताईने ऐकलं. दर पावसानंतर प्रयोगशाळेचा शिपाई दोन्ही भागांतून वाहणारं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून मास्तरकडे तपासायला आणायचा. प्रयोगशाळेच्या साहेबांनीही बजावलं, तपासणीत जिप्सम नापास झालं तर प्रयोग बंद.

मध्यंतरी ताईचा दोनदा फोन आला, "एकदा येऊन तळं बघ रे."

"डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? बाटली काय म्हणते ते खरं!"

बाटली म्हणाली, जिप्समकडून वाहून आलेल्या पाण्यात फॉस्फरस दुप्पट! मास्तर तणतणत ताईच्या दारात. "तूच गुपचूप खत टाकलंस! नाक कापलंस माझं." ताईने दार लावून घेतलं.

अहवालाच्या आदल्या दिवशी मास्तर बाटल्या धुवायला बसला. बिनजिप्समच्या बाटल्या नळाखाली विसळायच्या. जिप्समच्या मात्र लाडक्या, त्यांना खास घरून आणलेली धुण्याची पावडर. आज कधी नव्हे ते त्याने डब्याची मागची बाजू वाचली: फॉस्फेटयुक्त. अरे देवा! फॉस्फरस मोजायच्या बाटल्या फॉस्फेटनेच घासत होता शहाणा. कॉलेजातलं शेंबडं पोरही हे करत नाही. आणि बिचाऱ्या ताईला चोर ठरवून बसला होता!

साहेबांकडे चूक कबूल करून तो कोऱ्या बाटल्या घेऊन निघाला. नुकतीच सर येऊन गेली होती. ताई तळ्यावर होती.

"ताई, चुकलो. खत तू नाही, मीच टाकलं. बाटलीत."

ताईने तळ्यातून बादली भरून त्याच्यापुढे ठेवली. गेल्या वर्षी याच दिवसांत बादलीत हिरवा लगदा यायचा. आज तळाशी पडलेली वाळू दिसत होती.

"कधीपासून गं?"

"पहिला फोन केला तेव्हापासून."

मास्तर बादलीपुढे उकिडवा बसला.

ताईने त्याच्या हातातली बाटली घेतली, बादलीत बुडवून भरली आणि परत दिली. "धर. विचार तिला, काय म्हणते."