इंझोरीची ट्रायथलॉन आणि माझ्या हातातला लाल झेंडा

वर्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवलं आणि मग मला सांगितलं. पाऊण किलोमीटर पोहायचं, तसंच ओलं बाहेर येऊन वीस किलोमीटर सायकल मारायची आणि वर पाच किलोमीटर पळायचं. मधे विश्रांती नाही. तिचं वय अठ्ठेचाळीस. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं, तिथून हे सगळं सुरू झालं. मला पोहता येत नाही, सायकल शाळेबरोबर सुटली. नुसतं काठावर उभं राहून काळजी करण्यापेक्षा हाताला काम असलेलं बरं, म्हणून मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. या ब्लॉगवर एरवी मी कुठे काय खाल्लं ते लिहितो. या वेळी खाणं थोडं कमी आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी नागपूर सोडलं. समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत जायचं आणि तिथून खाली उतरून मंगरूळपीर. महामार्गावर चहासाठी मनाजोगी जागा मिळेलच असं नाही, तेव्हा थर्मास घरूनच भरून घ्या. खाली उतरलो की गाडीचा वेग आपोआप कमी होतो. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर, मधेच हरभरा, कुठे शेवटच्या वेचणीचा कापूस. मागच्या सीटवर वर्षाची सायकल आडवी घातली होती आणि दर खड्ड्याला वर्षा वळून तिच्याकडे बघत होती.

मंगरूळपीरला बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. खोली साधी, स्वच्छ, भाडं परवडण्यासारखं. गरम पाणी मात्र सकाळी सांगून बादलीने मागवावं लागतं. रात्री एका खानावळीत ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी मिळाली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वर्षाने अर्धी.

जेवणाआधी स्वयंसेवकांची बैठक झाली होती. आयोजकांपैकी एक डॉक्टर कामं वाटून देत होते. सकाळी मी तलावाच्या काठावर आणि नंतर सायकलच्या परतीच्या वळणावर. तिथे एक नियम होता. ठरलेल्या वेळेनंतर जो वळणावर पोचेल त्याला लाल झेंडा दाखवून थांबवायचं, पायाला बांधलेली, वेळ मोजणारी चिप काढून घ्यायची आणि मागून येणाऱ्या गाडीत बसवायचं.

"तिथे दया करू नका," डॉक्टर म्हणाले. "ती वेळ झाली की पोलीस रस्ता उघडतात. मग ट्रक सुरू होतात."

मी मान हलवली. आपल्यावर तशी वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. वर्षाचा सराव चांगला झाला होता.

रविवारी उजाडायच्या आत इंझोरीजवळच्या तलावावर पोचलो. पाण्यावर धुकं होतं. मासेमारी करणारे चार-पाच जण होड्या घेऊन पाण्यात थांबले होते, कुणी दमलं तर धरायला. कुठल्यातरी शर्यतीत स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर जाड मोजे घाला, टोपी न्या आणि खायला काहीतरी खिशात ठेवा. आपल्याला नाश्ता मिळेपर्यंत ऊन वर येतं. पाण्यातून बाहेर येणाऱ्यांना हात देऊन चिखलातून वर घ्यायचं, हे माझं काम. माणसांचे हात बर्फासारखे गार लागत होते. वर्षा मधल्या घोळक्यात बाहेर आली. माझा हात धरून वर चढली आणि "बरं आहे," एवढंच म्हणून सायकलीकडे पळाली. मला इतका आनंद झाला की पुढच्या माणसाला हात द्यायचं राहिलं.

मग जीपने मला वळणावर सोडलं. रस्त्यावर एक पिंप ठेवलेलं, त्याला वळसा घालून परत जायचं. शेजारी कमलाबाई नावाच्या एका बाईंचा मळा होता. मेथी, पालक, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर लावलेली. त्या आणि त्यांच्या सुना बाजारासाठी जुड्या बांधत होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "हे लोक काहून पळून राह्यले भाऊ? बक्षीस मोठं हाये का?"

"बक्षीस पहिल्या तिघांना. बाकीचे हौसेने," मी म्हणालो.

"हौसेनं," त्या म्हणाल्या आणि जुडी बांधायला लागल्या.

सायकलस्वार येत होते, वळत होते, जात होते. मी आकडे टिपत होतो आणि लांबवर वर्षाचं निळं हेल्मेट शोधत होतो. तिच्या मागे पाण्यातून निघालेलेही येऊन गेले. ती आली नाही.  फोन लावणार कुणाला, तिचा फोन माझ्याच खिशात होता.

ठरलेली वेळ झाली. पोलीस हवालदारांनी गाड्या अडवणारी पलीकडची दोरी सोडली. तेवढ्यात एक जण आला, घामाने निथळत, साध्या घरगुती सायकलवर. मी झेंडा उभा केला. त्याने ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"सर, टाइम आत्ताच झाला ना. जाऊ द्या."

"नाही जाऊ देता येत. रस्ता उघडलाय."

त्याने सायकल उभी केली. नाव गजानन, रिठदचा, शेती करणारा. विहिरीत पोहायला शिकलेला, पाण्यात पहिल्या दहांत होता. सायकल मित्राची होती, तिला गिअर नव्हते. मी वाकून त्याच्या पायाची चिप काढली तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. मग बांधावर जाऊन बसला. कमलाबाईंनी त्याला पाणी दिलं.

मी त्याला विचारलं, "निळं हेल्मेट घातलेल्या बाई दिसल्या का वाटेत?"

"त्यायची चेन निसटून राह्यली घडीघडी. मी थांबलो होतो लावून द्यायले. येतीलच." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुमच्या कोन?"

"बायको."

 म्हणजे तिला मदत करायला थांबला म्हणून तो उशिरा पोचला होता, आणि मी त्याला थांबवलं होतं. हे त्यालाही माहीत होतं. पण तो म्हणाला, "त्यायले जाऊ द्या सर. मी कोनाले सांगनार नाई."

कमलाबाईंनी जुडी खाली ठेवली. दुरून निळं हेल्मेट दिसायला लागलं.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी झेंडा खाली धरला होता. रस्ता तेव्हा मोकळा होता, एकही ट्रक नव्हता. हवालदार विडी ओढत पाठ करून उभे होते. वर्षा पूर्ण ताकदीनिशी पाय मारत येत होती, हात काळे झालेले, आणि मला बघून ती हसली. तिला वाटलं, ती पोचली.

बांधावर गजानन अनवाणी पाय लांब करून बसला होता. चिप काढलेल्या घोट्यावर पट्ट्याचा वळ दिसत होता. मी झेंडा वर केला.

ती थांबली. हसू जायला थोडा वेळ लागला. "अहो, मी आहे," ती म्हणाली.

"वेळ झाली, वर्षा."

ती सायकलवरून उतरली, हेल्मेट काढलं आणि पाय पुढे केला. मी वाकलो आणि चिप काढली. पट्टा लवकर सुटेना.

"लय कठोर मानूस हाये बाप्पा तुमी," कमलाबाई म्हणाल्या आणि वर्षाला हाताला धरून सावलीत घेऊन गेल्या. त्यांनी तिचे हात राखेने धुतले, चुलीवरच्या पातेल्यातल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा तिच्या आणि गजाननच्या पुढ्यात ठेवल्या. मला कुणी बोलावलं नाही. थोड्या वेळाने त्यांची एक सून ओंजळभर शेंगा माझ्या खुर्चीवर ठेवून गेली.

गाडी आली. सायकली वर चढवल्या. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, ते दोघे मागे. गजानन तिला विहिरीच्या काठावरून उडी कशी मारतात ते सांगत होता आणि ती प्रश्न विचारत होती. शेवटच्या रेषेपाशी जाऊन वर्षा उभी राहिली आणि शेवटचा माणूस पळत येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. सगळ्यांशी बोलली. माझ्याशीही बोलली, पण "पाण्याची बाटली कुठाय" एवढंच.

परतीच्या रस्त्यावर शेलूबाजार गेलं, कारंजा मागे पडलं. मी म्हणालो, "मला वाईट वाटतंय."

"थांबवलंत ते बरोबरच केलंत," ती म्हणाली. "तो गजानन तिथे बसला होता. त्याच्यासमोरून मी गेले असते तर मलाच लाज वाटली असती."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघत बोललात. मी एवढी लांबून आले होते, एकदा तरी बघायचं."

 

याला आता महिना होऊन गेला. माझे पाय दुखायचे थांबले, गळ्याभोवती उन्हाने उमटलेली टी-शर्टची कड पुसट झाली. अशा शर्यतीत काम करायला जावं का, असं तुम्ही विचाराल तर मी जा म्हणेन. एका दिवसात इतक्या अनोळखी माणसांचे ओले हात हातात येतात, असं दुसरीकडे कुठे होत नाही. फक्त जवळचं माणूस शर्यतीत असेल तर झेंड्याचं काम घेऊ नका. पाणी वाटा.

गजाननचा फोन येतो. वर्षाने तिची जुनी गिअरची सायकल त्याला देऊन टाकली, सायकल एसटीने रिठदला गेली. वर्षा स्वतः पुन्हा सरावाला लागली आहे.

परवा स्वयंपाकघरात ती मेथी निवडत होती. मी तिला विचारलं, "माझ्या जागी तू असतीस तर?"

तिने पुष्कळ वेळ विचार केला. तोवर अर्धी जुडी निवडून झाली.

"मी तुम्हाला जाऊ दिलं असतं," ती म्हणाली.

हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि उरलेली मेथी निवडायला घेतली.